मागच्या बाकावरची माणसे

मोटारगाडी एक लिटर इंधनात किती किलोमीटर जाते, या मोजमापाला मराठी माणूस ‘ॲव्हरेज’ म्हणतो. शब्द परका आहे, आणि नुसता या अर्थाने तो त्याच्या मूळ भाषेत कोणी वापरत नाही. पण आपल्याकडे तो पुरता मुरला आहे. नवी गाडी दारात आली की शेजारी आधी रंगाचे कौतुक करतात, मग पेढा तोंडात टाकता टाकता विचारतात, ‘किती देते?’ हा प्रश्न गोठ्यातला आहे. म्हैस दोन्ही वेळचे मिळून किती देते, हे विचारण्याची जी रीत, तीच आपण गाडीला लावली. वास्तविक गाडी देत काहीच नाही, ती पिते. तरी तिच्या पिण्याला आपण देणे म्हणतो, यात पिढ्यान्‌पिढ्यांची काटकसर बोलत असते, आणि त्या काटकसरीविषयी मला आदरच आहे. माझी तक्रार वेगळी आहे. ॲव्हरेज म्हणजे सरासरी, आणि सरासरी काढायची तर कशाला तरी कशाने तरी भागावे लागते. किलोमीटरांना लिटरांनी भागून आपण थांबतो. गाडीत माणसे किती होती, आणि त्यांतली कोण कुठे बसली होती, याला त्या भागाकारात जागा नाही.

हे मला सुचले ते वडिलांच्या एका वहीमुळे. १९९६ साली त्यांनी दहा आसनांची, जीपच्या घराण्यातली एक डिझेल गाडी घेतली. गणपतीला पुण्याहून चिपळूणजवळच्या गावी जायचे, तर तोवर एस.टी.शिवाय दुसरा मार्ग नव्हता. गाडी आली तशी लाल कापडी पुठ्ठ्याची ही वहीही आली. तीत तारीख, किलोमीटर, लिटर आणि भागाकार असे चार रकाने आखलेले होते, आणि उजव्या कडेला पाचवा: ‘माणसे’. हा पाचवा रकाना ते का भरीत, हे त्यांनी कधी सांगितले नाही. ते गेल्यानंतर वही माझ्या हाती आली तेव्हा विचारण्याची सोय उरली नव्हती.

१९९७ च्या गणपतीची नोंद अशी आहे: किलोमीटर २२६, डिझेल २१ लिटर, ॲव्हरेज १०.८, माणसे ११. पुणे, सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, हा आमचा ठरलेला रस्ता. दहा आसनांत अकरा माणसे कशी, असा प्रश्न त्या काळी कोणाला पडत नसे. मांडीवरच्या मुलाला आसन लागत नाही. वहीतल्या त्या ओळीचा मी माझ्यापुरता दुसरा भागाकार केला. अकरा माणसांना प्रत्येकी २२६ किलोमीटर नेले, तर एका लिटरमागे ११८ माणूस-किलोमीटर झाले. एकटा माणूस लिटरला वीस किलोमीटर देणाऱ्या चिमुकल्या मोटारीतून कचेरीत जातो तेव्हा हा आकडा वीसच राहतो. डिझेल ढोसते म्हणून नातेवाइकांत बदनाम झालेली आमची धूड गाडी त्याच्यापेक्षा जवळजवळ सहापट काटकसरी होती. एस.टी.ची गोष्ट तर निराळीच. ती लिटरला चार-पाच किलोमीटरच जाते, पण चाळीस-पंचेचाळीस उतारूंना घेऊन. दोनशेच्या घरात जाणारा तिचा आकडा कोणत्याही खासगी मोटारीच्या आवाक्याबाहेरचा आहे.

पुढची पाने उलटीत गेले तसा एक क्रम दिसू लागला. गाडी २०११ साली विकली, तोवरच्या चौदा-पंधरा वर्षांत चौथा रकाना फारसा हलला नाही. साडेदहा, अकरा, क्वचित पावणेदहा. हलत गेला तो पाचवा. अकरा, नऊ, नऊ, सात. २००१ साली आजी गेली त्या वर्षी सहा. मग काकांचे बिऱ्हाड वेगळे झाले, चुलत भावंडे नोकरीच्या गावी गेली, आणि २०१० च्या नोंदीत ‘माणसे ४’ आहे. त्या वर्षीचा माझा आकडा पंचेचाळीस. इंजिन तेच, घाट तोच, वडिलांचा उजवा पायही तोच. आणि वडिलांचा पाय हलका होता. घाट उतरताना डिझेल वाचावे म्हणून गियर काढून गाडी सोडून देणारे चालक त्या काळी पुष्कळ असत. वडिलांनी तसे कधी केले नाही. उतारावर गाडी गियरमध्येच हवी, ब्रेकवर सगळा भार टाकू नये, हे त्यांचे म्हणणे होते. आजच्या इंजिनांत तर गियरमध्ये उतरताना इंधनाचा पुरवठाच तोडला जातो, त्यामुळे गियर काढणाऱ्याचे इंधन उलट अधिक जळते. हे त्यांना कळते तर त्यांनी वहीत नक्की टिपून ठेवले असते.

पण त्या अकरा माणसांचा आराम? तो या हिशेबात नाही, आणि सगळ्यांच्या वाट्याला तो सारखा नव्हता. पुढे वडील आणि थोरले काका. मधल्या बाकावर आजी, घरातले पाहुणे, आणि एखादी सून दिवसांत असली तर ती. मागे एकमेकांसमोर दोन आडवी बाके. तिथे आई, धाकटी काकू आणि आम्ही मुली. या क्रमाविषयी कोणी कधी बोलले नाही. पंगतीला आधी कोण बसते हे जसे सांगावे लागत नाही, तसेच हे. आडव्या बाकावर बसलेल्याचे तोंड रस्त्याकडे नसते, त्यामुळे वळण येणार हे डोळ्यांना कळायच्या आत ते पोटाला कळते. हेळवाक मागे पडले की काकू पिशवीतून लिंबू काढी. ते एकच लिंबू आम्ही आळीपाळीने हुंगायचो आणि पुढे काका राजकारणावर बोलत असायचे. घाटाची शोभा म्हणतात ती मी बसल्या जागेवरून कधी पाहिली नाही; माझ्या समोर आईचे गुडघे होते.

मोठ्या कुटुंबाची मोटार ही कल्पना आपल्याकडे रुजली ती याच सुमारास. १९९४ साली सुमो आली. टेल्कोचे सुमंत मुळगावकर यांच्या नावातली अक्षरे घेऊन तिचे बारसे झाले होते, आणि तिच्याही मागच्या भागात समोरासमोर बाके होती. २००० साली क्वालिस आली, २००५ साली तिची जागा इनोव्हाने घेतली, आणि मागचे बाक वळून रस्त्याकडे तोंड करून बसले. हा बदल लहान वाटतो, पण माझ्या मते त्या दशकातली आपल्या प्रवासातली सर्वांत मोठी सुधारणा तीच. या सगळ्या गाड्यांच्या मागे स्वस्त डिझेल उभे होते. २०१२ साली पेट्रोल आणि डिझेल यांच्या भावांत लिटरमागे पंचवीस रुपयांहून अधिक अंतर होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा भाव सरकारी नियंत्रणातून मुक्त झाला आणि ते अंतर आटत गेले. शेतकऱ्यासाठी, मालमोटारीसाठी स्वस्त ठेवलेल्या इंधनावर आम्ही गणपतीला जात होतो, हे इथे नोंदवून ठेवलेले बरे. २०१३ च्या अर्थसंकल्पात सरकारने अशा वाहनांची व्याख्याही केली. चार मीटरांहून अधिक लांबी, दीड हजार घनसेंटिमीटरांहून मोठे इंजिन, आणि गाडीचे पोट जमिनीपासून निदान १७० मिलिमीटर वर. सरकारने मोटारीकडे खालून पाहिले. आत कोण बसले आहे, हे त्या कोनातून दिसत नाही.

गेल्या वर्षी धाकट्या भावाने आणि मी मिळून पुन्हा एक मोठी गाडी घ्यायचे ठरवले. आईला अठ्ठ्याहत्तरावे लागले होते. दोन्ही गुडघे दुखरे, त्यात कंबर, आणि गणपतीला गावी गेलेच पाहिजे हा हट्ट. भाऊ हिशेबात वडिलांवर गेला आहे. त्याने तीन गाड्या निवडल्या. पहिली जाडजूड चासीवर बॉडी बसवलेली, उंच, डिझेलची. दुसरी पेट्रोल आणि वीज या दोहोंवर चालणारी. तिची चासी आणि बॉडी एकजीव, त्यामुळे पाय ठेवायची फरशी खाली. तिसरी लहान, हलकी, सात आसनांची म्हणवणारी आणि खिशाला सोसणारी.

दुसरीचे ॲव्हरेज सर्वांत चांगले होते, पण तिच्या साध्या पेट्रोलवाल्या बहिणीपेक्षा ती काही लाखांनी महाग होती. भावाने कागद घेतला. वर्षाला बारा हजार किलोमीटर धरले. साधी गाडी लिटरला अकरा जाईल, तिला १,०९१ लिटर लागतील. दुहेरी गाडी प्रत्यक्षात सतरा देईल असे धरले, तिला ७०६. वाचले ३८५ लिटर; पेट्रोल शंभर रुपये धरले तर साडेअडतीस हजार. किमतीतला फरक पाच लाख मानला तर तो भरून यायला तेरा वर्षे. तेरा हा आकडा त्याने लिहिला आणि मग आमच्यापैकी कोणी काही बोलले नाही. आईच्या वयात तेरा मिळवून पाहण्याचे काम दोघांनीही मनातल्या मनात केले होते.

या जातीच्या हिशेबात एक फसवा भाग आहे, तो इथे सांगितला पाहिजे. लिटरला दहा देणारी गाडी सोडून बारा देणारी घेतली, तर बारा हजार किलोमीटरांत दोनशे लिटर वाचतात. वीसवाली सोडून चोवीसवाली घेतली, तर शंभरच. कानाला दोनापेक्षा चाराची वाढ मोठी वाटते, टाकीला उलटे वाटते. युरोपात शंभर किलोमीटरला किती लिटर लागतात असे मोजतात. त्या पद्धतीत हा घोटाळा होत नाही. आपल्याकडे मात्र ‘किती देते’ हेच विचारले जाणार, कारण म्हैस दर लिटरला किती चारा खाते असे कोणी विचारीत नाही. तेव्हा मोठी गाडी घेणाऱ्याने ॲव्हरेजचा विचार करू नये, असा खर्च त्याला शोभतच नाही, हे जे म्हणतात ते खरे नव्हे. खादाड गाडीचे एक-दोन किलोमीटरच अधिक मोलाचे असतात.

छापील आकडे कुठून येतात, तेही पुणेकरांना परके नाही. १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था इथेच वेताळ टेकडीवर आहे. अशा संस्थांत गाडी रस्त्यावर नेत नाहीत, रुळांवर उभी करून जागच्या जागी चाके फिरवतात. ठरलेला क्रम वीस-एक मिनिटांचा. वेग ताशी नव्वदच्या वर जात नाही, आणि वर्षानुवर्षे ही चाचणी एसी बंद ठेवून होत आली. सगळ्या गाड्यांना एकच परीक्षा हवी, म्हणून हे योग्यच आहे. पण त्या परीक्षेत कुंभार्ली नाही, टपावर बांधलेला मोदकपात्राचा डबा नाही, आणि ‘जरा काच खाली कर’ असे दर दहा मिनिटांनी म्हणणारी आई नाही. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. उंच, चौकोनी गाडी महामार्गावर साठऐवजी शंभराने नेली, तर वेग पावणेदोनपट होतो न होतो तोच वाऱ्याचा रेटा पावणेतीनपट झालेला असतो. शहरात भुर्दंड वजनाचा, कारण दर सिग्नलला तेच वजन नव्याने हलवायचे. दुहेरी गाडी इथे डाव साधते. ब्रेक दाबला की वाया जाणारी शक्ती ती बॅटरीत साठवते. म्हणून शहरात ती महामार्गाच्या तोडीचे, कधी त्याहून चांगले ॲव्हरेज देते. लांब घाटाच्या उतारावर मात्र लहानशी बॅटरी लवकर भरते, आणि उरलेला उतार तिला फुकट मिळूनही घेता येत नाही.

आरामाला असे लिटर नाही. तरी तो अगदीच मोजता येत नाही असे नव्हे. बसलेल्या माणसाच्या शरीराला उभ्या दिशेचे सगळेच हादरे सारखे लागत नाहीत. सेकंदाला चार ते आठ या गतीचे सर्वांत वाईट, कारण पोटातले अवयव आणि पाठीचा कणा त्याच गतीला साथ देऊन हलू लागतात. चांगल्या मोटारीच्या स्प्रिंगा गाडीला सेकंदाला एक-दीड वेळा झुलवतात, म्हणजे आपण चालतो तेव्हा पावले पडतात साधारण त्या लयीत. ती शरीराच्या सवयीची आहे. त्याहून फार संथ झोका मळमळ आणतो. आणि जागेचा मुद्दा असा: मधले आसन पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये येते, मागचे थेट मागच्या ॲक्सलवर. खड्डा तोच, गाडी तीच. मधल्याला तो ऐकू येतो आणि मागच्याला लागतो. जुन्या काळी बैलगाडीत पेंढा अंथरून वर वाकळ घालीत, तीसुद्धा म्हाताऱ्या माणसाच्या बाजूला जाड आणि पोरांच्या बाजूला पातळ.

आईला आम्ही तिन्ही गाड्या दाखवायला नेले. पहिल्या, उंच गाडीत ती दोन प्रयत्नांनी चढली. आत बसल्यावर तिने मान्य केले की ऐसपैस आहे, रस्ता दूरवर दिसतो. उतरताना मात्र दाराची चौकट धरून ती बराच वेळ थांबली. ‘खाली पाय कुठे पडणार तेच दिसत नाही,’ ती म्हणाली. विक्रेत्या तरुणाने पायरी बसवून देण्याची तयारी दाखवली. तिने ऐकून घेतले. दुसरीत ती कुणाचा हात न धरता बसली, आणि एवढ्यावरच खरे तर निर्णय झाल्यासारखा होता. पण ती उतरेना. तिने मागे वळून पाहिले आणि विचारले, ‘मागे कोण बसणार?’

तरुणाने आदबीने सांगितले की ते आसन मुख्यतः लहान मुलांसाठी असते.

‘मुलं कुठायत?’ आई म्हणाली.

भावाची मुलगी एकोणीस वर्षांची, माझा मुलगा परदेशात. मग तिने मला मागे जाऊन बसायला सांगितले आणि माझे गुडघे कुठवर येतात ते पाहिले. काच उघडते का, ते विचारले. ती उघडत नव्हती, अशा बहुतेक गाड्यांत ती उघडत नाही. तिसऱ्या, लहान गाडीतही तिने मला तसेच बसवले. तिथे गुडघे छातीपाशी आले. परतताना वाटेत ती एवढेच म्हणाली की, सात माणसं नेता येतात म्हणून गाडी घ्यायची, तर सातव्याला बसता आलं पाहिजे.

भावाचा शेवटचा युक्तिवाद चोख होता. सातही आसने भरतील असे दिवस वर्षात आठ-नऊ. तेवढ्यांपुरती चालकासकट मोठी गाडी भाड्याने घ्यावी आणि एरवी लहान मोटारीत फिरावे. पैसे वाचतील, पेट्रोल वाचेल, हवाही कमी बिघडेल. यात खोडून काढण्याजोगे काही नाही, आणि दुसऱ्या कोणी सल्ला विचारला तर मीही हेच सांगेन. मी त्याला वडिलांची वही दाखवली, फक्त पाचवा रकाना. तो बराच वेळ पाने चाळीत राहिला. दारातल्या मोठ्या गाडीमुळे माणसे जमतात, की माणसे जमत होती म्हणून गाडी मोठी होती, याचे उत्तर त्या वहीत नाही. पण आम्ही दुसरी गाडी घेतली. तेरा वर्षांचा कागद त्याने फाडला नाही. गाडीच्या कागदपत्रांत घालून ठेवला.

गणपतीला जाताना सहाजण होतो. येताना काकू कराडपर्यंत यायची म्हणाली, तिची मुलगी तिथे असते. सत्तरी उलटलेली काकू सवयीने गाडीच्या मागच्या दाराकडे वळली. आईने तिला दंडाला धरून मधल्या बाकावर आपल्या शेजारी बसवले, पलीकडे भावजय. गाडी भाची चालवणार होती, तिच्या शेजारी माझे यजमान. आई भावाला म्हणाली, ‘तू ताईबरोबर मागे बस.’ त्याने एकदा पुढच्या आसनाकडे पाहिले आणि निमूटपणे आसन दुमडून आत शिरला. घाट चढताना पुढच्या पडद्यावरचा आकडा नऊपर्यंत उतरला. एरवी तो भाचीला तिथून सूचना देत राहिला असता, पण मागून तो आकडा वाचता येत नव्हता. मधल्या बाकावर काकू आणि आई गावातल्या कुणाच्या तरी भिंतीच्या वादाविषयी बोलत होत्या. पिशवीतले लिंबू काकूने एकदा काढले, हुंगले नाही, मागे माझ्या हातात दिले. ते मी भावाला दिले.

कोयनानगरला चहासाठी गाडी थांबली तेव्हा तो सर्वांत शेवटी उतरला, कमरेवर हात ठेवून दोनदा मागे वाकला, आणि मागच्या चाकांत हवा जरा जास्त झाली असावी, असे म्हणाला.